क्लासिकल गिटारमध्ये मास्टर्स: ऑडिशनपर्यंत हातात काय असायला हवं

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: पदवी दुसऱ्याच विषयातली, ९ वर्षं एकाच शिक्षकांकडे क्लासिकल गिटार, हातात साधारण ४० मिनिटांचा कार्यक्रम, आणि आता कॉन्झर्व्हेटरीत (पाश्चात्त्य संगीताच्या उच्च शिक्षणसंस्थेत) मास्टर्स करायची इच्छा. मुख्य प्रश्न दोन आहेत. एवढ्यावर प्रवेश मिळेल का, आणि तयारीला ६ महिने पुरतील का?

पहिल्याचं उत्तर तुम्ही कुठे अर्ज करता यावर बरंच अवलंबून आहे. अमेरिकेतल्या काही संस्था पदवी कोणत्याही विषयातली असली तरी चालवून घेतात आणि निर्णय ऑडिशनवर करतात. मात्र आल्यावर संगीतशास्त्राची चाचणी होते आणि त्यात कमी पडलात तर आधीचे वर्ग भरून काढावे लागतात. युरोपात, विशेषतः जर्मन भाषक देशांत, मास्टर्ससाठी आधीची पदवी संगीतातलीच असावी अशी अट सहसा असते. तिथे तुम्हाला कदाचित बॅचलर्सच्या परीक्षेलाच बसावं लागेल, आणि तिला काही ठिकाणी वयाची अटही असते. म्हणून रियाजाचं वेळापत्रक आखण्याआधी प्रत्येक संस्थेची पात्रतेची अट नीट वाचा, आणि शंका असेल तर प्रवेश कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या.

दुसऱ्याचं उत्तर सरळ आहे. ६ महिने कमी पडतील, १२ ते १५ धरा. का, ते सांगते.

मास्टर्स म्हणजे २ वर्षं, ४ सत्रं. एका सत्रात १४-१५ आठवडे आणि आठवड्याला मुख्य शिक्षकांबरोबर १ तास. कागदावर झाले ५६ ते ६० तास. त्यातून शिक्षकांचे दौरे, तुमचं आजारपण, परीक्षेचे आठवडे, रिसायटलच्या (एकल मैफिलीच्या) तोंडावरची धावपळ वजा करा. खरोखर नवं शिकायला ५० तास मिळतात असं समजा. तेवढ्यात शिक्षक तुमचा उजवा हात नव्याने बसवतील, लय पक्की करतील, नोटेशनचं वाचन शिकवतील आणि वर ब्रिटनच्या ‘नॉक्टर्नल’सारखी १८ मिनिटांची रचनाही बसवून घेतील, असं होत नाही. परीक्षक म्हणून टेबलामागे बसलं की डोक्यात हाच हिशेब चालू असतो: या विद्यार्थ्याला घेतलं तर माझे ५० तास कशावर जाणार? संगीतावर जाणार असतील तर मध्ये एखादा स्वर निसटलेलं वादनही पुढे सरकतं. पाया भरण्यात जाणार असतील तर बिनचूक वाजवलेला अवघड पीसही मागे राहतो. तुमची सगळी तयारी या एका हिशेबाने करा, कारण प्रवेश मिळाल्यावरही तोच हिशेब तुमच्या उपयोगी पडणार आहे.

आता टेबलाच्या पलीकडून काय ऐकू येतं ते. पहिल्या दोन मिनिटांत तीन गोष्टी कळतात: नाद कसा आहे, लय आतून चालली आहे की बोटांच्या सोयीने, आणि वाजवणारा स्वर कुठे संपतो याकडे लक्ष देतो का. पहिल्या दोन गोष्टी बहुतेकांना माहीत असतात. तिसरीकडे फारच थोड्यांचं लक्ष असतं, आणि खासगी शिकलेल्या विद्यार्थ्यांचं सर्वात जास्त नुकसान तिथेच होतं.

उदाहरण बाखच्या बीडब्ल्यूव्ही ९९८ चं (हा त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) घेऊ, म्हणजे प्रेल्यूड, फ्यूग (एकच चाल वेगवेगळ्या स्वरओळींत फिरवणारी रचना) आणि अलेग्रो. मूळ रचना ई-फ्लॅट मेजरमध्ये आहे. गिटारवर ती बहुधा डी मेजरमध्ये वाजवतात आणि त्यासाठी सहावी तार ई वरून डी ला उतरवतात. उतरवलेली खुली सहावी तार छान घुमते, आणि अडचण नेमकी त्यातूनच येते. बेसमध्ये खुला डी वाजवून पुढच्या ठोक्याला पाचव्या तारेवरचा ए वाजवलात तरी डी मागे वाजतच राहतो. वरची हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांची जुळणी) बदललेली, खाली जुना पाया घुमतोय. ऐकणाऱ्याला एकही चुकीचा स्वर सापडत नाही, तरी सगळं गढूळ वाटतं.

उपाय अंगठ्यात आहे. पाचवी तार वाजवल्यावर लगेच अंगठ्याची मागची बाजू वरच्या सहाव्या तारेला हलकेच टेकवायची, की डी थांबतो. उलट क्रम असेल, म्हणजे पाचवीनंतर सहावी, तर सहावी रेस्ट स्ट्रोकने वाजवा. अंगठा आपोआप पाचवीवर येऊन विसावतो आणि ती बंद होते. सहावीनंतर चौथी असेल तर वाजवून झाल्यावर अंगठा मागे नेऊन सहावीवर ठेवावा लागतो, आणि तो परत येईपर्यंत वरच्या आवाजाची, म्हणजे वरच्या स्वरओळीची, लय हलू द्यायची नाही. हे कुठल्याही प्रतीत छापलेलं नसतं. सवय लावायची तर ८ मापं (बार) निवडा, फक्त बेस अंगठ्याने वाजवा आणि प्रत्येक स्वर लिहिलेल्या लांबीइतकाच धरा. मग फक्त वरचा आवाज वाजवा. मग दोन्ही एकत्र, मूळ गतीच्या निम्म्याने. एका फ्यूगला अशा पद्धतीने दीड-दोन महिने लागतात. ६ महिने कमी म्हणाले ते यासाठीच.

याच प्रकारातली दुसरी गोष्ट म्हणजे बेसच्या तारांवर हात सरकवताना होणारी करकर. या तारांवर धातूची वेटोळी असतात, त्यावरून बोट घासलं की आवाज होणारच. बोट आधी सरळ वर उचलायचं, मग हात सरकवायचा, मग बोट ठेवायचं; तिन्ही क्रिया वेगळ्या वाटेपर्यंत सावकाश करायच्या. मार्गदर्शक म्हणून बोट तारेवर ठेवावंच लागत असेल तर ते टोकावरून गादीवर किंचित कलतं करा, करकर बरीच कमी होते.

कार्यक्रमाची निवड. मास्टर्सच्या ऑडिशनला साधारण ३० ते ४० मिनिटांचा मजकूर मागतात, वेगवेगळ्या काळातला: बाखची एक रचना किंवा तिचे विरोधी स्वभावाचे दोन भाग, १९ व्या शतकातली गिटारसाठीच लिहिलेली एक रचना, २० व्या किंवा २१ व्या शतकातलं काहीतरी, आणि काही ठिकाणी एक एट्यूड (तंत्राच्या सरावासाठीची रचना). प्रत्यक्ष खोलीत १५-२० मिनिटंच ऐकतात. सुरुवात कशाने करायची हे बहुधा तुमच्यावर सोडतात, पुढचं ते निवडतात आणि मध्येच थांबवतात. थांबवलं म्हणजे आवडलं नाही असा अर्थ लावू नका. वेळ संपत आलेली असते.

इथे एक चूक फार जण करतात. हातात असलेलं सर्वात अवघड काम घेऊन येतात, जे घरी १० पैकी ७ वेळा नीट होतं. खोलीत ते उरलेल्या ३ मध्ये जातं. माझं मत असं की ऑडिशनला न्यायचं प्रत्येक काम आधी किमान ५ वेळा लोकांपुढे वाजवून झालेलं असावं, आणि त्यातला एखादा प्रसंग वाईट गेलेला असावा, म्हणजे कुठे घसरतं ते कळतं. अवघडपणाने छाप पाडायची गरज नाही. फर्नांदो सोर (१७७८–१८३९) किंवा मावरो जुलियानी (१७८१–१८२९) यांच्यापैकी एकाची रचना अतिशय स्वच्छ वाजवलीत तर परीक्षकाला हवं ते सगळं कळतं. सोरमध्ये लपायला जागाच नाही. वाक्य कुठे श्वास घेतं, वरची चाल आणि मधली साथ यांच्यात किती अंतर ठेवलंय, विराम खरोखर शांत आहे का की तारा मागे वाजताहेत, हे सगळं उघडं पडतं. मोझार्टच्या धूनवरच्या त्याच्या व्हेरिएशन्स, ओपस ९, सगळ्यांच्या हातात असतात; त्या घ्यायच्या तर सुरुवातीची संथ प्रस्तावना गाळू नका, परीक्षक तीच कान देऊन ऐकतात.

२० व्या शतकासाठी पर्याय भरपूर आहेत. फ्रँक मार्टिनचे चार छोटे भाग (१९३३) लांबीने कमी आणि विचाराने भारी आहेत. कास्तेलनुओवो-तेदेस्कोचा सोनाटा (१९३४) बोटांना जड आहे. शेवटचा भाग गतीला न आल्यास नेऊ नका. पोन्सेचे सोनाटा आणि व्हेरिएशन्स रंगांवर हुकूमत असेल तर शोभतात. एट्यूड म्हणून व्हिला-लोबोसचे १२ एट्यूड सर्रास मागितले जातात. त्यातल्या पहिल्यात उजव्या हाताचा एकच नमुना जवळजवळ अखेरपर्यंत चालतो, आणि बहुतेक जण तो यंत्रासारखा वाजवतात. जवळजवळ प्रत्येक मापाची पुनरावृत्ती आहे. दुसऱ्यांदा काय वेगळं ऐकवणार ते ठरवूनच खोलीत जा. अल्बेनिझचं ‘आस्तुरियास’ मात्र टाळा. रचना सुंदर आहे यात वाद नाही, पण ती मूळ पियानोची आहे आणि टेबलामागच्या माणसांनी ती इतक्या वेळा ऐकलेली असते की तुमच्या वादनाकडे ताजा कान उरत नाही.

नाद बव्हंशी नखांत असतो, आणि या बाबतीत दूर बसून सल्ला देणं कठीण; नखाची जाडी, वळण, बोटाचा कोन प्रत्येकाचा वेगळा. तरी तपासायची पद्धत सगळ्यांना एकच. तळहाताकडून पाहिलं तर नख मांसापुढे साधारण १ ते २ मिलिमीटर दिसावं. तार आधी अंगठ्याकडच्या बाजूला मांस आणि नख यांच्या सांध्यात पडते, नखाच्या कडेवरून घसरते आणि टोकाजवळून सुटते. म्हणजे ती कड घसरगुंडीसारखी सलग हवी. मध्ये खाच किंवा उंचवटा असला की तार तिथे अडकते. पाहायचं असेल तर तार बोटाला ज्या कोनात लागते त्या कोनात एक सपाट कानस नखाखाली धरा आणि उजेडाकडे पाहा. फट दिसली तिथे खाच आहे. कानशीने आकार द्या, मग ६००, १२०० आणि २००० नंबरच्या वॉटर पेपरने कड गुळगुळीत करा. वरच्या बाजूइतकीच आतली कडही घासायची. तार खरं तर आतल्या कडेवरूनच जाते आणि नेमकी तीच राहून जाते.

मग पहिल्या तारेवर १२ व्या फ्रेटला मधल्या बोटाने फ्री स्ट्रोक (बोट शेजारच्या तारेवर न विसावता) वाजवा आणि कान जवळ न्या. स्वराआधी ‘टिक्’ असा बारीक आवाज आला तर तार थेट नखावर आदळते आहे: नख लांब आहे किंवा बोटाचा कोन चुकला आहे. स्वर बोथट आला तर नख आखूड आहे. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांचा नाद एकसारखा आला पाहिजे, नाहीतर आर्पेजिओमध्ये (कॉर्डचे स्वर एकेक करून वाजवताना) एकच बोट टोचत राहतं आणि तुम्हाला ते सवयीने ऐकू येत नाही. नख तुटलंच तर टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा आकाराने कापून सुपरग्लूने नखाच्या खालच्या बाजूला चिकटवतात. वादकांचा हा जुना उपाय आहे. तो पहिल्यांदा ऑडिशनच्या आदल्या रात्री करू नका, महिनाभर आधी एकदा करून पाहून ठेवा.

नोटेशनच्या वाचनाकडे वळते. गिटारचं वाचन अवघड का, तर एकच स्वर अनेक जागी मिळतो. पहिल्या खुल्या तारेचा ई दुसऱ्या तारेवर ५ व्या फ्रेटला, तिसरीवर ९ व्या, चौथीवर १४ व्या आणि पाचवीवर १९ व्या फ्रेटलाही आहे. पियानोवाल्याला हा प्रश्नच पडत नाही. म्हणून रोज १५ मिनिटं फक्त पहिल्यांदा पाहिलेलं वाजवा: १२-१६ मापं, ३० सेकंद डोळ्यांनी वाचायची, मग मेट्रोनोम ५० वर ठेवून शेवटपर्यंत न थांबता. चूक दुरुस्त करायला मागे जायचं नाही. डावा हात पाचव्या, सातव्या, नवव्या पोझिशनमध्ये (पहिलं बोट त्या क्रमांकाच्या फ्रेटवर) मुद्दाम ठेवा आणि व्हायोलिन किंवा बासरीचा मजकूर वाचा, म्हणजे ओळखीच्या बोटांचा आधार मिळत नाही. परीक्षेत चुकीचे स्वर माफ होतात. थांबलेलं कोणी माफ करत नाही, कारण पुढे इतरांबरोबर वाजवताना तेच सगळ्यांना पाडतं.

संगीतशास्त्राची चाचणी ही तुमच्या बाबतीत खरी धोक्याची जागा आहे, कारण पदवी संगीतातली नाही. चार आवाजांची हार्मनी, फिगर्ड बेस (बेसखाली आकड्यांनी लिहिलेली हार्मनी), रोमन अंकांनी विश्लेषण, फ्यूग आणि सोनाटा यांची रचना, २० व्या शतकातल्या पद्धतींची तोंडओळख, आणि कानाची परीक्षा: दोन आवाजांचं ऐकून लिहिणं, कॉर्ड ओळखणं, पाहून गाणं. गिटार वाजवणारे बरेच जण फक्त जी क्लेफ (वरच्या स्वरांची खूण) वाचतात आणि इथे एफ क्लेफवर (खालच्या स्वरांची खूण) अडतात. नापास झालात म्हणून काढून टाकत नाहीत, पण आठवड्याला ३-४ तासांचे जादा वर्ग लागतात, ज्यांचे श्रेयांक पदवीत धरले जात नाहीत. हे तास थेट रियाजातून जातात, आणि मग त्या ५० तासांना तुम्ही अर्धवट तयारीने जाऊन बसता. आत्तापासून रोज पाऊण तास यासाठी ठेवा. ८-९ महिन्यांत पुरेसं होतं. एखादी चाल गिटारवर वाजवून पाहण्याआधी गाऊन पाहायची सवय लावा. कानाची निम्मी तयारी त्यातच होते.

आधी व्हिडिओ पाठवायचा असतो, त्यावर चाळणी होऊन मगच प्रत्यक्ष बोलावणं येतं. अमेरिकेत बहुतेकांची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला असते आणि ऑडिशन फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे रेकॉर्डिंग ऑक्टोबरमध्ये व्हायला हवं आणि सगळा कार्यक्रम तिथला उन्हाळा, म्हणजे ऑगस्ट, संपेपर्यंत पाठ असायला हवा. कॅमेरा असा ठेवा की चेहरा आणि दोन्ही हात सतत दिसतील. माइक समोर दीड ते दोन मीटरवर. त्याहून जवळ आणला तर श्वास, करकर, नखांचा आवाज सगळं मोठं होतं. एका भागात मध्ये कापायचं नाही. कृत्रिम घुमारा घालायचा नाही, परीक्षक तो लगेच ओळखतात आणि मग नादाबद्दलच शंका घेतात. नायलॉनच्या तारा नव्या असताना ताणत राहतात आणि सूर सोडतात, म्हणून त्या ३-४ दिवस आधी चढवा. रेकॉर्डिंग २-३ दिवसांत विभागा. एकाच दिवशी एकच पीस सात-आठ वेळा घेतलात तर तिसऱ्या-चौथ्यानंतर दर वेळी वादन जास्त सावध आणि जास्त निर्जीव होत जातं. निवडताना कमी चुकांच्या प्रतीपेक्षा वाक्य पुढे नेणारी प्रत निवडा.

वाद्याबद्दलही तुम्ही विचारलंय. ६५० मिलिमीटर वाजत्या लांबीच्या तारेची, हाताने बनवलेली, सगळ्या फ्रेट्सवर सुरात असलेली गिटार पुरे. हात लहान असेल तर ६४० ची मिळते, त्यात कमीपणा काही नाही. सध्याची नीट असेल तर ऑडिशनआधी बदलू नका. बदलायचीच तर किमान ३ महिने आधी, कारण नव्या वाद्यावर नाद कुठे सापडतो ते उजव्या हाताला शोधायला तेवढा वेळ लागतो. लॅटिस किंवा डबल-टॉप (वरची फळी वेगळ्या पद्धतीने बनवलेल्या) गिटारचा मोठा आवाज हॉलमध्ये उपयोगी पडतो; छोट्या परीक्षेच्या खोलीत त्याने काही फरक पडत नाही.

रियाज किती? मास्टर्सला रोजचे ४ तास लागतात असं धरून चाला, पण आज २ करत असाल तर उद्यापासून ४ करू नका. ३-४ महिन्यांत चढवत न्या. ४०-४५ मिनिटांचा एक गट, मग १० मिनिटं गिटार खाली. दमलेला स्नायू आणि दुखणारा सांधा यांतला फरक ओळखायला शिका. मुंग्या, बधिरपणा, रात्री जागं करणारं दुखणं आलं तर त्याच दिवशी थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. एक आजार मात्र न दुखता येतो: फोकल डिस्टोनिया. वाजवताना एखादं बोट आपोआप आत वळतं किंवा ताठ होतं, इतर कामांत तेच बोट ठीक चालतं. अशा वेळी जास्त रियाज केला की ते बहुधा आणखी बिघडतं. डेव्हिड लाइझनर या अमेरिकन गिटारवादकाची मैफिलींची कारकीर्द यामुळे १२ वर्षं थांबली होती. पुढे मोठ्या स्नायूंचा वापर नव्याने शिकून ते परत वाजवू लागले. पहिलं सत्र विशेष जपण्याचं असतं, कारण नवे शिक्षक हाताची ठेवण बदलतात आणि त्याच काळात तासही वाढलेले असतात. ठेवण बदलत असताना तास कमी ठेवायचे, हे शिक्षकांना स्पष्ट सांगा.

इतरांबरोबर वाजवणं तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून ते मुद्दाम लिहिते. व्हायोलिनवाल्याला ऑर्केस्ट्राची खुर्ची असते, गिटारला ती नाही. मास्टर्सनंतर काम मिळतं ते शिकवण्यातून, द्वयवादनातून, गायक किंवा बासरीबरोबरच्या कार्यक्रमांतून. अभ्यासक्रमात चेंबर म्युझिक (मोजक्या वादकांनी एकत्र वाजवायचं संगीत) सक्तीचं असतं, आणि एकट्याने ९ वर्षं शिकलेला विद्यार्थी तिथे पहिल्याच आठवड्यात अडखळतो: विराम मोजता येत नाहीत, समोरच्याच्या श्वासावर सुरुवात करता येत नाही, आवाज कमी पडतो. आत्ताच एक बासरीवाला, गायक किंवा दुसरा गिटारवादक शोधा आणि आठवड्याला एकदा बसा. जुलियानीने बासरी आणि गिटारसाठी पुष्कळ लिहिलंय, पिआझोलाचं ‘इस्त्वार द्यु तांगो’ आहे, डाउलंडची ल्यूटबरोबरची (गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) गाणी आहेत. वर्षभराने तुमची एकट्याची लयही सुधारलेली असेल.

पैशाचं थोडक्यात. येल स्कूल ऑफ म्युझिकमध्ये शिक्षण शुल्क नाही, फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीत संस्थेत प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाला पूर्ण शुल्कमाफी असते. दोन्हीकडे गिटारच्या जागा अगदी मोजक्या. इतर अमेरिकन संस्थांत शुल्क मोठं असतं आणि सवलत ऑडिशनवर ठरते. जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शुल्क नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्ट, कार्लस्रूहे, फ्रायबुर्ग वगैरे ठिकाणी, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात, आणि जर्मन भाषेचा दाखला सहसा लागतो. राहण्याचा खर्च सगळीकडे वेगळा मोजा. डॉक्टरेटचा विचार आत्ता करू नका. अमेरिकेत विद्यापीठात शिकवायचं पक्कं असेल तेव्हाच तिचा उपयोग होतो.

शेवटी शिक्षक, ज्यावर मी संस्थेच्या नावापेक्षा खूप जास्त भर देते. ५० तास त्यांच्याबरोबर जाणार आहेत, इमारतीबरोबर नाहीत. त्यांची रेकॉर्डिंग ऐकून ठरवू नका, त्यांच्या विद्यार्थ्यांची रिसायटल ऐका. पाच-सहा जण ऐकल्यावर सगळे एकाच छापाचे वाटतात की प्रत्येकाचा नाद वेगळा राहिलाय? ते वर्षातले किती आठवडे दौऱ्यावर असतात, चुकलेला तास कधी भरून देतात, त्यांच्याकडे किती विद्यार्थी आहेत, स्टुडिओ क्लास (त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांचा एकत्र वर्ग) दर आठवड्याला होतो का, हे सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारा. शिक्षकांना पाठवायची ईमेल सहा-सात ओळींची असावी: तुम्ही कोण, कोणत्या वर्षी अर्ज करणार, गेल्या २ वर्षांत काय वाजवलं, एका न कापलेल्या व्हिडिओचा दुवा, आणि शुल्क देऊन एक तास मिळेल का अशी विचारणा. ऑनलाइन तासात नादाबद्दल फारसं कळत नाही, पण बोटं, वाक्य आणि शिकवण्याची पद्धत कळते.

त्या तासाला पूर्ण बसलेलं काम नेऊ नका, जिथे अडलाय ते न्या. एकाच आठ मापांवर ते काय बदल घडवतात ते पाहा, आणि संपल्यावर लगेच सगळं लिहून काढा. मग आठवडाभर फक्त तेवढ्याच मापांवर त्यांनी सांगितल्याप्रमाणे रियाज करा आणि रेकॉर्ड करून पहिल्या दिवसाशी ताडून बघा. तीन-चार शिक्षकांबरोबर हे करून झालं, की अर्जातली नावं कोणत्या क्रमाने लिहायची ते त्या रेकॉर्डिंगवरूनच ठरवा.